चार तारांचा कन्व्हर्टर आणि न उघडलेला हँडीकॅम

जुन्या हँडीकॅमच्या कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याच्या खटपटीत गेल्या पावसाळ्यात माझी दोनदा फसवणूक झाली. रक्कम सगळी मिळून साडेआठ हजारांच्या आत आहे आणि तिच्यावाचून माझे काही अडले नाही. परंतु दुसऱ्या वेळी मी घरातल्या सगळ्या कॅसेटही त्याच माणसाच्या हवाली करण्याच्या बेतात होतो, हे आठवले की अजूनही पोटात गोळा येतो. ज्यांच्या कपाटात असे कॅमेरे पडून आहेत आणि ज्यांना आता मुलानातवंडांसाठी त्यातले चित्रण काढून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात आमच्या चिपळूणच्या घराच्या तळमजल्यावर पाणी चढले आणि लग्नापासूनचे सगळे फोटोंचे अल्बम चिखलात गेले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एकोणीस मिनी डीव्ही कॅसेट आणि २००३ साली घेतलेला हँडीकॅम तेवढा राहिला. थोरल्याची मुंज, वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन, आईने दळता दळता म्हटलेल्या ओव्या, असे बरेच काही त्या कॅसेटांवर आहे. कॅसेट घातली की कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्र स्वच्छ दिसत होते, आवाजही येत होता. अडचण एवढीच होती की कॅमेरा लॅपटॉपला जोडता येत नव्हता.

या कॅमेऱ्याला दोन पोर्ट आहेत. यूएसबीचे पोर्ट केवळ मेमरी कार्डावरची स्थिर छायाचित्रे काढून घेण्यासाठी आहे. कॅसेटवरचे मूळ चित्रण बाहेर पडते ते दुसऱ्या, चार पिनांच्या लहानशा पोर्टमधून. सोनीने त्याला आयलिंक म्हटले, अ‍ॅपलने फायरवायर म्हटले आणि त्याचे अधिकृत नाव आयईईई १३९४ असे आहे. तीन नावे, वस्तू एकच. आजच्या लॅपटॉपला हे पोर्ट नसते. म्हणून मी ऑनलाइन शोध घेतला आणि एका विक्रेत्याकडे 'यूएसबी ते फायरवायर कन्व्हर्टर' ६४९ रुपयांना मिळाला. जाहिरातीत लिहिले होते की फायरवायरचा वेग ४०० मेगाबिट आहे आणि यूएसबी २.० चा ४८०, त्यामुळे चित्रण अधिक वेगाने उतरेल. दोन्ही आकडे खरे आहेत. खरे आकडे दाखवून खोटी वस्तू विकता येते, हे मात्र मला तेव्हा सुचले नाही.

कन्व्हर्टर लावल्यावर काहीच झाले नाही. ना आवाज, ना सूचना. मी चार-पाच दिवस निरनिराळे ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला उपकरण ओळखता यावे म्हणून लागणारे प्रोग्रॅम, उतरवून पाहिले आणि तेवढ्यात वस्तू परत करण्याची मुदत संपली. विक्रेत्याने एका ओळीत कळवले, की कॅमेऱ्याचे पोर्ट खराब असेल. पुढे सगळे उघडकीस आल्यावर मी त्या कन्व्हर्टरचे प्लास्टिक ब्लेडने चिरून पाहिले. आत चिप म्हणून काही नव्हती. एका टोकाच्या चार पिनांपासून दुसऱ्या टोकाच्या चार पिनांपर्यंत लाल, पांढरी, हिरवी आणि काळी अशा चार तारा सरळ नेऊन सोल्डर केलेल्या होत्या. यूएसबीलाही चार तारा आणि या पोर्टलाही चार, एवढ्याच योगायोगावर हा धंदा उभा आहे. यूएसबीच्या चार तारांपैकी एकीत पाच व्होल्ट असतात, एक अर्थिंगची (ग्राउंडची) असते आणि उरलेल्या दोघींतून माहिती जाते. आयलिंकच्या चारही तारा माहितीच्याच असतात. शिवाय यूएसबीत संगणकाने विचारल्याशिवाय उपकरण बोलत नाही, तर फायरवायरमध्ये दोन्ही टोके बरोबरीच्या नात्याने बोलतात. नुसती तार जोडून हे साधत नाही, उलट पाच व्होल्ट भलत्या तारेत जाऊन कॅमेऱ्याचे पोर्ट खरोखरच जळू शकते.

हाच धागा पुण्यातल्या दुरुस्तीवाल्याने पकडला. कॅमेरा घेऊन मी कुंभार्ली घाटाने एसटीने पुण्याला गेलो, दुकानात त्याला कन्व्हर्टरची हकीकत सांगितली आणि तिथेच त्याच्या हाती कोलीत दिले. तो कॅमेरा आतल्या खोलीत घेऊन गेला आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाला, "सर, तुमचं आयलिंक पोर्ट जळालंय. त्या कन्व्हर्टरने पाच व्होल्ट सोडले बोर्डात. बोर्डच बदलावा लागेल." बोलणे शास्त्राला धरून होते, म्हणून मला ते पटले. तपासणीचे ८०० आणि बोर्डाचे ७,००० रुपये मी फोनवरून दिले. पावती मागितल्यावर त्याने सांगितले की पक्की पावती हवी असेल तर जीएसटी वेगळा पडेल; आणि एका कागदावर 'एचसी बोर्ड, ७००० जमा' असे खरडून दिले. आयुष्यभर शाळेत विद्यार्थ्यांना पावतीचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाने तो चिटोरा घडी करून खिशात ठेवला.

दहा दिवसांनी कॅमेरा मिळाला. सोबत एका पुडीत 'जुना, जळालेला बोर्ड'ही मिळाला, म्हणजे काम झाल्याचा पुरावाच. मात्र आता त्याचे म्हणणे वेगळे होते. पोर्ट ठीक झाले आहे, परंतु माझ्या लॅपटॉपवर ते कधीच चालणार नाही. शिवाय कॅमेऱ्यातल्या कॅसेटला बुरशी लागली आहे, कोकणातल्या हवेत बाकीच्यांचेही तेच झाले असणार, तेव्हा एकोणीसही कॅसेट आणून द्याव्यात, एका कॅसेटचे ९०० रुपये पडतील. कोकणात कॅसेटला बुरशी लागते हे खरे आहे. कॅसेटच्या खिडकीतून पाहिले तर गुंडाळीच्या कडेवर पांढरट भुकटी किंवा तंतू दिसतात. माझ्या एकाही कॅसेटवर तसे काही नव्हते. पण ते मी नंतर पाहिले. त्या वेळी घाबरून मी घरी येऊन सगळ्या कॅसेट एका खोक्यात भरल्या.

खोके ओटीवर असतानाच माझा एक जुना विद्यार्थी चहाला आला. तो वीसेक वर्षे लग्नांचे व्हिडिओ शूटिंग करीत होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, खोकं राहू द्या. आधी एकदा माझ्याकडे लावून बघू." त्याच्याकडे विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप अजून चालू आहे आणि त्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेले फायरवायर कार्ड आहे. दोन्ही यंत्रे बंद ठेवून त्याने केबल लावली, मग कॅमेरा प्लेबॅकवर सुरू केला. छोट्या पडद्याच्या कोपऱ्यात 'डीव्ही आउट' ही अक्षरे उमटली. "बघा सर, पोर्ट जिवंत आहे," तो म्हणाला. संगणक मात्र कॅमेरा ओळखेना. त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडून १३९४ च्या नोंदीवरचा ड्रायव्हर बदलला आणि यादीतला 'लेगसी', म्हणजे जुन्या पद्धतीचा, असे लिहिलेला निवडला. लगेच कॅमेऱ्याची नोंद दिसू लागली. विंडोज ८ पासून हा लेगसी ड्रायव्हर सोबत येत नाही, तो मायक्रोसॉफ्टकडून वेगळा घेऊन बसवावा लागतो, हेही त्याच्याकडूनच समजले. तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा लागते. त्या तासाभरात आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. समोर वडील ताटाभोवतीच्या निरांजनांकडे बघत बसलेले होते.

नंतर मी म्हणालो, की बोर्ड बदलला म्हणूनच हे चालले असेल. त्याने कॅमेरा उलटा केला. २००९ साली चिपळुणातच सर्व्हिसिंग केले होते, तेव्हा लावलेले तारखेचे गोल स्टिकर एका स्क्रूवर जसेच्या तसे होते. कडेला बसलेला काळा मळसुद्धा तुटलेला नव्हता. तो स्क्रू काढल्याशिवाय कॅमेरा उघडतच नाही. मग आम्ही पुडीतला बोर्ड काढला. तो कुठल्याशा डीव्हीडी प्लेअरचा होता आणि कॅमेऱ्यापेक्षा दोन बोटे लांब होता. दहा दिवस तो माझ्या टेबलावर कॅमेऱ्याशेजारीच पडून होता.

तेव्हा ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी प्रथम खरे फायरवायर पोर्ट असलेला जुना संगणक शोधावा. जुन्या शूटिंगवाल्यांकडे तो हमखास सापडतो. पोर्ट जळाल्याचे कोणी सांगितले तर 'डीव्ही आउट'ची अक्षरे आपल्या डोळ्यांसमोर येतात का ते पाहावे. केबलचे संगणकाकडचे सहा पिनांचे टोक जोर लावून उलटे खुपसल्यास पोर्ट खरोखर जळते, म्हणून तेथे घाई करू नये. थंडरबोल्ट या आपल्या संगणकांवरच्या वेगळ्या पोर्टसाठी अ‍ॅपलने २०१२ साली काढलेला थंडरबोल्ट ते फायरवायर अ‍ॅडॅप्टर अस्सल आहे, पण त्यात चिप असते आणि तो थंडरबोल्टलाच चालतो, यूएसबीला नाही. आणि कॅमेरा दुरुस्तीला द्यायचाच झाला तर एखाद्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब ठेवून त्याचा फोटो काढून ठेवावा.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि दुकानदाराला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. सोबत चिटोऱ्याचा, स्टिकरचा आणि बोर्ड कॅमेऱ्याशेजारी ठेवून काढलेला असे तीन फोटो आणि फोनवरून पैसे दिल्याची नोंद जोडली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पावती न देणे हीच मुळी अनुचित व्यापार पद्धत ठरते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत शुल्काशिवाय करता येते, हे पत्रात स्पष्ट लिहिले होते. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. कारागिराची चूक झाली, असे म्हणत त्याने ६,००० रुपये परत केले. त्यानंतर दोन दिवसांनी त्याने पुन्हा फोन करून पुडीतला तो बोर्ड कुरिअरने पाठवून देण्याची विनंती केली, खर्च आपण देऊ असेही म्हणाला. बोर्ड मी दिलेला नाही.