‘लो सॉल्ट’चा दिवा आणि सहा पोत्यांचं बिल

लोणावळ्याजवळचा बंगला. मालक मुंबईला, शनिवार-रविवार सोडले तर स्विमिंग पूल माळ्याच्या आणि महिन्याच्या करारावर येणाऱ्या माणसाच्या हवाली. लांबी १० मीटर, रुंदी ४, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे ५०,००० लिटर पाणी. जानेवारीत सॉल्ट क्लोरिनेटरवर, म्हणजे पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या मशीनवर, ‘लो सॉल्ट’चा (मीठ कमी) दिवा लागला. करारवाल्याने सहा पोती मिठाचं बिल लावलं. दिवा विझला, काही दिवसांनी परत लागला. मग ‘सेल (मशीनमधला क्लोरीन बनवणारा भाग) गेला, नवा टाकावा लागेल’ असा निरोप आला. नवा बसला आणि जुना सेल तो बायबॅकमध्ये घेऊन गेला. मार्चमध्ये स्टीलच्या शिडीला गंज चढला, काठाच्या दगडाचे पापुद्रे निघू लागले, तेव्हा कुठे पाणी तपासलं गेलं. मीठ निघालं ६,२०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग).

आता हिशेब मांडून बघा. १,००० लिटरला १ किलो मीठ म्हणजे १,००० पीपीएम. या पूलमध्ये ५० किलोचं एक पोतं पडलं की आकडा हजाराने वाढतो. ऑक्टोबरातली नोंद ३,२०० ची होती आणि बहुतेक मशीनना ३,००० ते ३,५०० च लागतं. बिलातली सहा पोती खरंच पडली असती तर पाणी ९,२०० वर गेलं असतं. म्हणजे पडली तीन, आणि गरज एकाचीही नव्हती.

मीठ ‘संपलं’ हे वाक्य ऐकलं की थांबायचं. सेलमध्ये मिठापासून क्लोरीन बनतो, तो आपलं काम करतो आणि पुन्हा क्लोराइड होऊन पाण्यातच राहतो. पाण्याची वाफ झाली तरी मीठ मागे उरतं. ते जातं बॅकवॉशमधून (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुताना), गळतीतून आणि पावसाळ्यात पूल ओसंडून वाहतो तेव्हा. लोणावळ्याच्या पावसानंतर, सप्टेंबरअखेरीस, तीन-चार पोती लागली तर ते पटण्यासारखं आहे. जानेवारीत नाही, लागलीच तर आधी गळती शोधा.

मग दिवा का लागला? असं मशीन सहसा मीठ थेट मोजतच नाही. सेलमधल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांमधून वीज किती वाहते, त्यावरून अंदाज बांधतं. थंडीत पाणी गार झालं की वीज कमी वाहते. बोअरच्या जड पाण्याने पट्ट्यांवर पांढरा थर चढला तरी तेच. पट्ट्यांवरचा रुथेनियमचा लेप झिजला तरी तेच. तिन्ही वेळा दिवा मात्र ‘मीठ कमी’ असाच. आणि मीठ वाढवलं की वीज थोडी जास्त वाहून दिवा काही दिवस विझतो. मालकाला वाटतं, बरोबर सांगत होता.

म्हणून पोतं फोडण्याआधी मिठाच्या टेस्ट स्ट्रिपने वेगळं मोजा. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर विसंबू नका. बोअरच्या पाण्यातले बाकीचे क्षारही त्यात धरले जातात. आकडा ३,००० च्या वर असेल तर वीज बंद करून सेल खोला. थर दिसला तर बादलीत चार भाग पाणी घेऊन त्यात एक भाग म्युरिअॅटिक (हायड्रोक्लोरिक) अॅसिड ओता (अॅसिड पाण्यात, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही) आणि फेस थांबेपर्यंत, साधारण दहा मिनिटं, सेल त्यात ठेवा. दर महिन्याला हा खेळ नको, लेप उतरतो. पीएच ७.४ ते ७.६ राखलात तर थर मुळातच कमी धरतो; ही मशीन पीएच चढवत नेते, त्यामुळे अॅसिडचा डोस ठरलेलाच. पाणी फार गार असेल तर सेलला आराम द्या आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव क्लोरीन) वापरा: १० टक्क्यांचं अर्धा लिटर म्हणजे या पूलमध्ये १ पीपीएम क्लोरीन.

मीठ बरोबर, सेल स्वच्छ, पाणी २५ अंशांच्या वर, आणि तरीही दिवा? तेव्हा सेल खरंच गेला. बऱ्याच मशीनच्या मेनूमध्ये चाललेले तास दिसतात. चांगला सेल ८,००० ते १०,००० तास चालतो. रोज आठ तास धरले तर साधारण तीन वर्षं. इथला सेल जेमतेम दीड वर्षाचा होता.

‘स्पेशल पूल मिनरल’ अशा नावाच्या महागड्या पिशव्यांतही बऱ्याचदा मीठच असतं. ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध, बिनआयोडीनचं रिफाइंड मीठ पुरतं. खडे मीठ मात्र नको. त्यातलं मॅग्नेशियम आणि माती सेलवर व टाइल्सवर बसते.

वाढलेलं मीठ उतरवायला रसायन नाही, पाणीच बदलावं लागतं. ६,२०० वरून ३,२०० वर यायला निम्मं, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. पूल पूर्ण रिकामा करू नका, आणि ते पाणी झाडांना तर मुळीच सोडू नका. निम्म्या पाण्याबरोबर स्टॅबिलायझरही (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) निम्मा जातो, तो मोजून भरून काढा.

जुना सेल हातचा सोडू नका. अॅसिडने धुतला की तो नव्यासारखा चमकतो आणि पुढच्या बंगल्यावर ‘नवा’ म्हणून बसतो. नवा बसवताना सीरियल नंबरचा फोटो काढा, तो बिलावर लिहून घ्या, आणि मिठाची रिकामी पोती माळ्याकडे मोजून ठेवायला सांगा.