एआय प्रशिक्षण: ऑनलाइन कोर्स घ्यावा की शिफ्टमध्ये वर्ग भरवावा?

चाकण, रांजणगाव किंवा सातपूरच्या एखाद्या मध्यम कारखान्यात कामगारांना एआय शिकवायचं ठरलं की एचआरसमोर दोन मार्ग असतात. सगळ्यांना ऑनलाइन कोर्सचं लॉगिन द्यायचं, किंवा शिफ्टच्या वेळेत वीस-वीस जणांची बॅच बसवायची.

ऑनलाइनचे फायदे खरे आहेत. न कळलेला भाग पुन्हा पाहता येतो, चारचौघांत प्रश्न विचारायचा संकोच उरत नाही. पैशांचीही फार अडचण नाही. हेलसिंकी विद्यापीठाचा ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ २०१८ पासून मोफत आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ पोर्टलवर शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी.

पण तो कोर्स करायचा कधी? ऑफिस स्टाफ दोन मेलच्या मध्ये अर्धा तास काढतो. लाइनवरच्या माणसाचा मोबाइल अनेक ठिकाणी गेटवरच जमा होतो. सेकंड शिफ्ट संपवून तो कंपनीच्या बसने मध्यरात्री घरी पोचतो. पॅकिंगमधल्या ताईला तर घरी गेल्यावर घरकामाची दुसरी शिफ्ट असतेच. महिन्याने रिपोर्ट येतो, त्यात यांच्या नावापुढे शून्य टक्के दिसतं आणि ‘कामगारांना रसच नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा मला सरळ अन्याय वाटतो. ज्यांना पगारी वेळ मिळाला त्यांची तुलना आपण झोप मोडून शिकणाऱ्यांशी करत असतो.

शिफ्टमधल्या वर्गात हा भेद मिटतो, मात्र तो महाग पडतो. वीस जण दोन तास बसले की ४० मनुष्यतास गेले. अशी चार सत्रं म्हणजे १६०. प्रॉडक्शनवाले कुरकुरणारच, आणि त्यांचं चुकत नाही. शिफ्टनंतर थांबवलं तर तो ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर हा १९४८च्या कारखाने कायद्यापासूनचा नियम आहे. त्यापेक्षा मशीन मेंटेनन्सला बंद असते त्या दिवशी बॅच लावा. नाइटवाल्यांचा वर्ग नाइटलाच घ्या, त्यांना सकाळी ताटकळत ठेवू नका.

वर्गात मराठी बोलता येते, शेजारी बिहारचा सहकारी असेल तर हिंदीही. ब्रेकडाउनची नोंद मराठीत बोलून टाइप करणं, तिचा नीट शिफ्ट रिपोर्ट करून घेणं, एआयने त्यात चुकीचा आकडा घुसवला तर पकडणं, असं रोजच्या कामातलं शिकवता येतं. सुपरवायझरची बॅच मात्र वेगळी ठेवा. साहेब बसले की हेल्पर तोंड उघडत नाही.

दिव्यांग सहकाऱ्यांसाठी दोन्हींत तयारी लागते: ऑनलाइनला व्हिडिओखाली सबटायटल्स आणि स्क्रीन रीडरवर (मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारी पानं, वर्गाला तळमजल्यावरची खोली आणि गरज असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी. समान संधी धोरण जाहीर करणं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने आस्थापनांवर बंधनकारक केलं आहे. प्रशिक्षणही त्यात आलं पाहिजे.

कंत्राटी कामगार तर दोन्ही प्रस्तावांतून सहज गळतात, कारण यादी कंपनीच्या मस्टरवरून निघते.

माझं मत असं: सगळे टेबलावर बसून काम करणारे असतील तर ऑनलाइन घ्या, पण आठवड्याचे दोन तास कामातूनच मोकळे करून द्या. निम्मे लोक लाइनवर असतील तर आधी वर्ग, नंतर हवं त्याला सरावासाठी लॉगिन. बजेट एकाचंच असेल तर चाराऐवजी दोन सत्रं घ्या, पण ठेकेदाराच्या माणसांनाही त्यात बसवा.