‘क्लिनिकल अवर्स’ विकणाऱ्यांपासून जपा

इथे न्यू जर्सीत ज्या मराठी घरातलं मूल मेडिकलला जायचं म्हणतंय, त्या घरात सध्या जेवतानासुद्धा एकच विषय असतो: अवर्स. भारतात बारावी, नीट आणि प्रवेश. अमेरिकेत बहुतेकांना आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, आणि जोडीला पेशंटांमध्ये प्रत्यक्ष घालवलेले तास. अर्जात अशी पंधरापर्यंत कामं नोंदवता येतात. प्रत्येकापुढे तास लिहायचे आणि खात्री करून देईल अशा माणसाचा संपर्क द्यायचा. किती तास म्हणजे पुरेसे, याचा सगळ्या कॉलेजांना लागू असा एक आकडा नाही. मुलं आणि आईबाप धास्तावतात ते त्यामुळेच. आम्हाला फसवणाऱ्यांचं दुकान याच धास्तीवर चालतं.

अशा तासांची जाहिरात आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली होती. पुढे पाठवणारे काका अगदी सज्जन, त्यांनाही ती दुसऱ्या कुणाकडून आलेली. पुण्यात तीन आठवडे. टाके घालणं, इंजेक्शन देणं, ऑपरेशन थिएटर, बाळंतपणं, सगळं ‘हँड्स-ऑन’. शेवटी दीडशे तासांचं सर्टिफिकेट. मराठी बोलणाऱ्यांना प्राधान्य! लेकीला आजीकडे राहायला मिळणार म्हणून ती खूश. फोनवरची बाई तर लाघवीपणात कुणाला हार जाणार नाही. “ताई, तुमची मुलगी ती आमचीच मुलगी.” फी अडीच हजार डॉलर, पण झेलने, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या इथल्या सोयीने, भरली तर दोनशे कमी. त्या दोनशेचा अर्थ पुढे उमगला. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशांबद्दल बँकेकडे तक्रार लावून धरता येते. झेलने आपणच पाठवलेले पैसे मात्र सहसा परत येत नाहीत.

माहितीपत्रकावर फोटो होता एका नावाजलेल्या हॉस्पिटलचा. प्रत्यक्षात लेकीला नेलं उपनगरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये. त्या मोठ्या हॉस्पिटलचा या मंडळींशी काडीचाही संबंध नव्हता. गेल्या गेल्या तिला पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप दिला, फोटो काढले आणि वॉर्डात सांगून टाकलं, “अमेरिकेहून डॉक्टर मॅडम आल्यात.” मॅडम वय वर्षं वीस, आणि शिक्षण बायॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत.

मग एका सिस्टरने भरलेली सिरिंज तिच्या हातात दिली. समोरच्या आजींनी बाही वर केलीसुद्धा. मुलगी म्हणाली, मी डॉक्टर नाही, मला हे येत नाही. “घाबरू नका हो, आम्ही आहोत ना.” तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि ती बाहेर आली. त्या आजींना कुणी विचारलं होतं का, की शिकाऊसुद्धा नसलेल्या पोरीने सुई टोचलेली चालेल का? मला सगळ्यात जास्त राग याचा येतो, पैशांचा नंतर. त्यानंतर तिला केसपेपरच्या खिडकीशी बसवून ठेवलं. डॉक्टर यायचे संध्याकाळी, तेही घाईत. सर्टिफिकेटवर मात्र पूर्ण दीडशे तास आणि ‘छोट्या शस्त्रक्रियांमध्ये साहाय्य’. खाली न वाचता येणारी सही, नोंदणी क्रमांक नाहीच.

कॉलेजच्या सल्लागार बाईंनी तो कागद पाहून स्पष्ट सांगितलं, हा अर्जात घालू नकोस. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, परदेशात अनुभव घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या आहेत: ज्या कामाचं प्रशिक्षण किंवा परवाना नाही, ते काम पेशंटवर करू नये. केलं तर अर्जाला फायदा सोडाच, उलट बाधा येऊ शकते. म्हणजे जाहिरातीत जे ठळक अक्षरांत होतं, तेच अंगाशी येणारं. आणि नोंदणी नसताना डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करणं हा भारतातही गुन्हा आहे. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे.

पैसे मागितले तर उत्तर आलं, “सर्टिफिकेट दिलंय ना?” नंतर नंबर बंद. एफटीसीकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी आयोगाकडे, तक्रार नोंदवून ठेवली आहे.

चीड याची येते की खरा अनुभव इथेच, आणि बहुधा फुकट मिळतो. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नियमानुसार हॉस्पिसना, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटांची काळजी घेणाऱ्या संस्थांना, पेशंटसेवेच्या तासांपैकी किमान पाच टक्क्यांइतकं काम स्वयंसेवकांकडून करून घ्यावं लागतं, म्हणून त्यांना माणसं हवीच असतात आणि शिकवतातही तेच. नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाने किमान 75 तास लागतात, आणि मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी विमा योजनांमधल्या नर्सिंग होमने (इथे म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेने) नोकरीवर घेतलं असेल तर त्याचे पैसे ते तुमच्याकडून घेऊ शकत नाही. उलट पगार मिळतो. इमर्जन्सी रूममध्ये स्क्राइब म्हणून, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी टिपायला, बसलं तर डॉक्टर विचार कसा करतात ते शेजारून दिसतं. आमची लेक आता हॉस्पिसमध्ये जाते. एका आजोबांना बेसबॉलचे निकाल वाचून दाखवते, पाणी देते. यात टाके नाहीत, पण पेशंट मात्र खरे आहेत.

भारतातच जायचं असेल तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासा. हॉस्पिटलला स्वतः फोन करून विचारा, ही माणसं तुमची का? पेशंटला मुलीची ओळख काय म्हणून करून देणार, हेही विचारा. ‘बघायला मिळेल’ असं उत्तर आलं तर पुढे बोला. ‘करायला मिळेल’ म्हणाले तर फोन ठेवा.

ती जाहिरात हल्ली नव्या नावाने फिरते आहे, आणि पांढरा कोट घातलेल्या आमच्या लेकीचा फोटो न विचारता त्यात टाकला आहे. तुमच्या ग्रुपवर आली तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याच्या नंबरासकट स्क्रीनशॉट तेवढा मला पाठवा, तक्रारीला जोडायचा आहे.