घोस्ट मारण्यापासून फॉगपर्यंत: तीन लॅब, चार अप्रेंटिस, आठ महिने

आमच्या पिढीने घोस्ट मारला, म्हणजे एका पीसीची अख्खी डिस्क उचलून दुसऱ्यावर उतरवली. नॉर्टन घोस्ट २०१३ मध्ये बंद झालं, पण क्रियापद मागे राहिलं. कॉलेजात येणारे अप्रेंटिस आजही विचारतात, "सर, घोस्ट मारू का?" आता ते फॉगने मारतात, म्हणजे हेच काम नेटवर्कवरून करणाऱ्या सॉफ्टवेअरने, एवढाच फरक.

तीन लॅब मिळून नव्वदेक पीसी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून सगळीकडे ११ चढवायची होती. पेनड्राइव्ह घेऊन नव्वद मशीनपुढे बसणं शक्य नव्हतं, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत एका जुन्या आय-फाइव्ह डेस्कटॉपवर डेबियन टाकून फॉग उभा केला. फुकट आणि ओपन सोर्स. सर्व्हर उभा राहायला एक दुपार लागली. पोरांना शिकवायला किती लागेल याचा माझा अंदाज मात्र साफ चुकला.

चौघेही आयटीआयचा हार्डवेअर-नेटवर्कचा ट्रेड करून आलेले. हात चांगला. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलणं, केबल क्रिम्प करणं (तिला कनेक्टर बसवणं) डोळे मिटून. पण स्क्रीनवर एरर आली की ओके दाबून मोकळे. ही खोड काढायलाच पहिले दोन महिने गेले.

कौतुक आधी करतो. पिक्सी बूट करून, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू करून, मशीनची नोंद केली की वेब पॅनेलवर ते दिसतं, इमेज (तयार डिस्कची प्रत) जोडायची, डिप्लॉय म्हणायचं. विंडोज आणि नेहमीचे ड्रायव्हर एवढीच इमेज असेल तर पाऊण तासात अख्खी लॅब तयार. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर डेटा एकदाच पाठवतो आणि तीसही मशीन तो एकदम घेतात. पहिल्यांदा तीस निळे पडदे एका लयीत पुढे सरकताना बघून मुलं टाळ्या वाजवायची बाकी होती.

दुसऱ्या लॅबमध्ये तीच इमेज, तेवढेच पीसी, आणि टक्केवारी हलेचना. सर्व्हर तापला, डिस्क खराब, फॉग बेकार, सगळी निदानं झाली. शेवटी एका मुलाने स्विचच्या दिव्यांकडे बघितलं. सतरा नंबरचा दिवा वेगळ्या रंगाचा होता. ते मशीन गिगाबिटऐवजी शंभर एमबीपीएसवर जोडलं गेलेलं, कारण केबलच्या आठपैकी चारच तारा नीट बसल्या होत्या. शंभरला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. आणि मल्टिकास्टचा वेग सगळ्यात मंद मशीन ठरवतं. ती केबल मागच्या महिन्यात त्यानेच क्रिम्प केली होती. मी काही बोललो नाही, त्याने गुपचूप कनेक्टर कापला.

सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय, बंद करावं लागतं, हा फॉगचा मोठा तोटा. नव्वद मशीनच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) शिरणं ही काही मजा नाही. काही नव्या पीसींमध्ये स्टोरेज इंटेलच्या रेड (RAID) मोडवर होतं, फॉगला डिस्कच दिसेना. तो मोड बदलून एएचसीआय केल्यावर दिसली. मूळ मशीनवर फास्ट स्टार्टअप चालू राहिलं तर विंडोज अर्धवट झोपलेली राहते आणि इमेज घेताना फॉग अडतो. या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून बायॉसच्या पासवर्डशेजारी चिकटवल्या आहेत. (हो, पासवर्ड भिंतीवर. माहीत आहे मला.)

डीएचसीपीचा किस्सा सांगायलाच हवा, कारण चूक माझी होती. डीएचसीपी म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला पत्ता वाटणारी सेवा. फॉगचा इन्स्टॉलर विचारतो, डीएचसीपी मी चालवू का? लॅबचं नेटवर्क वेगळं आहे अशा समजुतीत मी हो म्हटलं. ते वेगळं नव्हतं. सकाळी साडेदहाला ऑफिसातून फोन, फी भरायला रांग आणि एकाही मशीनला नेट नाही. एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी झाले की कोणाला कुणाचा पत्ता मिळेल सांगता येत नाही. आता पत्ते कॉलेजचा राउटरच वाटतो, आणि कुठून बूट व्हायचं तेवढं डीएनएसमास्क या प्रोग्रॅमचा प्रॉक्सी सांगतो. अप्रेंटिसना हा धडा शिकवताना मी किस्सा वगळत नाही. सर चुकले म्हटलं की लक्ष देतात.

दुसरी चूक एका मुलीची. पॅनेलवर खाली जाणारा बाण म्हणजे डिप्लॉय (इमेज मशीनवर उतरवणं), वर जाणारा म्हणजे कॅप्चर (मशीनवरून इमेज घेणं). तिने घाईत वरचा दाबला आणि विद्यार्थ्यांनी चार महिने वापरलेला पीसी आमच्या मुख्य इमेजवर जाऊन बसला, त्यावरच्या गेमांसकट. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर होती म्हणून निभावलं. इमेजच्या पानावर प्रोटेक्टेड अशी खूण असते, ती केली की वरून कॅप्चर होत नाही. सुरुवातीलाच करायला हवी होती.

सिसप्रेपवर, म्हणजे इमेज घेण्याआधी विंडोजमधली त्या एका मशीनची ओळख पुसणाऱ्या टूलवर, एक अख्खा आठवडा गेला. एखाद्या युजरने स्टोअरमधून स्वतःपुरतं ॲप घेतलं की सिसप्रेप अडतं, आणि पडद्यावरचा संदेश काहीच सांगत नाही. खरं कारण सिसप्रेपच्या पँथर फोल्डरमधल्या लॉगमध्ये, ॲपच्या नावासकट. तो लॉग मी वाचून दाखवला नाही. चौघांना वेगवेगळं बसवलं आणि म्हटलं, नाव शोधा. एकाला सव्वा तास लागला. त्यानंतर त्याने मला एररचे फोटो पाठवणं बंद केलं.

पण इमेज सोपी, पॅकेज अवघड. ॲप्लिकेशन आम्ही इमेजमध्ये कोंबत नाही, फॉगच्या स्नॅपिनने, म्हणजे सर्व्हरवरून मशीनवर इन्स्टॉलर चालवणाऱ्या सोयीने, वरून सोडतो. एका सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली म्हणून तीस जीबीची इमेज पुन्हा कोण घेणार? स्नॅपिनला लागतो न बोलता चालणारा इन्स्टॉलर, आणि प्रत्येकाची भाषा निराळी. एमएसआय प्रकारच्या इन्स्टॉलरला स्लॅश क्यूएन. सेव्हन-झिपच्या ईएक्सईला स्लॅश एस, तोही कॅपिटलच, लहान लिहिला की खिडकी उघडून कोणीतरी नेक्स्ट दाबायची वाट बघत बसतो. आणि ती खिडकी पडद्यावर दिसतही नाही. इन्स्टॉलरकडून परत येणारे आकडेही पाठ करावे लागतात: ३०१० म्हणजे काम झालं, रीस्टार्ट हवा. पोरं त्याला फेल समजून पुन्हा पुन्हा सोडायची. १६१८ म्हणजे दुसरं काही आधीच इन्स्टॉल होतंय, थांबा.

सगळ्यात चांगला धडा व्हीएस कोडने (कोड लिहायच्या एडिटरने) दिला. स्नॅपिन सोडला, तीसही मशीनवर शून्य आला, म्हणजे यशस्वी. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला मॅडम विचारतायत, व्हीएस कोड कुठाय? कुठेच नाही. व्हीएस कोडचे दोन इन्स्टॉलर असतात, एक युजरचा, एक सिस्टिमचा. आम्ही युजरचा घेतला होता. स्नॅपिन चालतो विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्यातून, म्हणून तो इमानदारीत सिस्टिम खात्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊन बसला, जिथे कोणी विद्यार्थी कधीच लॉगिन करणार नाही. इन्स्टॉलर खोटं बोलला नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक पॅकेजसाठी वहीत पाच ओळी: फाइल कोणती, स्विच कोणता, कोणत्या खात्यातून चालतं, आकडा काय आला, आणि विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून उघडून बघितलं का. पाचव्या ओळीपुढे सही. वही शंभर पानी, अर्धी भरली.

आपल्या लॅबसाठी घेणाऱ्यांना एक सांगतो, लायसन्स आधी बघा. पीसीसोबत आलेल्या ओईएम विंडोजची इमेज करून वाटायला परवानगी नसते, त्यासाठी संस्थेकडे व्हॉल्यूम लायसन्स लागतं. फॉग फुकट आहे, विंडोज नाही. पाच-दहा मशीन असतील तर हा खटाटोप करू नका, पेनड्राइव्ह बरा. तीसच्या वर असतील आणि लिनक्सला न घाबरणारा एक तरी माणूस असेल, तर घ्या. मी पाचपैकी चार देईन, एक सिक्युअर बूटसाठी कापला.

पुढची तुकडी जूनमध्ये येईल. व्हीएस कोडचा युजर इन्स्टॉलर मी सर्व्हरवर तसाच ठेवलाय. पहिला स्नॅपिन त्यांना तोच सोडायला देणार, आणि शून्य आल्यावर कोण उठून लॅबमध्ये बघायला जातं ते बघणार.