पाथर्डी फाट्याचं रिसेल रो हाऊस: सगळे ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ रिसेलमध्ये रो हाऊस घेतलं त्याला आता उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं उलटून गेलं, म्हणून निवांत लिहितोय. तीन बीएचके आहे, खाली हॉल, किचन आणि एक बेडरूम (आईच्या गुडघ्यांमुळे ही खालची बेडरूम आम्हाला हवीच होती), वर दोन, समोर एक गाडी व्यवस्थित बसते. प्लॉट अकराशे फूट, बांधकाम साधारण पंधराशे, घेतलं तेव्हा घर तीन वर्षांचं. मालक ९० लाख म्हणत होता, ८२ ला फायनल झालं. ह्याच बजेटमध्ये गंगापूर रोडला चांगल्या बिल्डिंगमध्ये जेमतेम टू बीएचके बसत होता, आणि कॉलेज रोडचा तर विषयच नको.

आमची गल्ली मिक्स आहे. बरीचशी रो हाऊसेस पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, दोन प्लॉट रिकामे आणि आमची चार घरांची रांग सगळ्यात नवी. अशा ठिकाणी एजंट तुम्हाला फक्त टाइल्स, मॉड्युलर किचन आणि जिन्याची काच दाखवत राहतो. पण भाव वाढतो तो जमिनीचा, बांधकामाचा दरवर्षी उतरतच जातो, म्हणून दोन्ही सुटं करून हिशोब मांडायचाच. आम्ही मांडला तो असा: गल्लीत रिकाम्या प्लॉटला ३,५०० रुपये फूट सांगत होते, म्हणजे जमीन साडेअडतीस लाख. बांधकाम २,००० च्या दराने तीस लाख, तीन वर्षांची घट काढली की अठ्ठावीस-एकोणतीस. झाले सदुसष्टच्या आसपास. वरचे पंधरा लाख कशाचे, हे आधी स्वतःला पटलं पाहिजे. आम्हाला पटले, कारण प्लॉट घेऊन स्वतः बांधायचं म्हटलं तर दीड वर्ष भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरा, परवानग्यांच्या मागे लागा, कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर उभे राहा, आणि आम्ही दोघंही नोकरीवाले. पण नव्वदला मी हे घर घेतलं नसतं, अगदी ठामपणे सांगतो.

मालक नव्वदवरून खाली आला तो इंडेक्स टू मुळे, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यामुळे. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की झालेले दस्त दिसतात, तेही फुकट. गल्लीतली जुनी घरं साठ ते अडुसष्ट लाखात गेलेली दिसली. नोंदवलेला आकडा म्हणजे व्यवहाराचा पूर्ण आकडा असतोच असं नाही, पण बोलायला आधार मिळतो, 'इकडे सगळे नव्वदच देतात' हे तोंडी सांगणं मग टिकत नाही. आणि रेडी रेकनर (सरकारी दर) वाढला म्हणजे मार्केट वाढलं, ह्यावर अजिबात जाऊ नका. १ एप्रिल २०२५ ला नाशिकचे दर सरासरी ७.३१ टक्क्यांनी वाढले, तो कागद आम्हालाही एकाने दाखवला होता, पण तो दर स्टॅम्प ड्युटी काढायला असतो, तुमच्या गल्लीत घ्यायला कोण उभं आहे हे त्यात येत नाही. कुंभमेळा आणि समृद्धी महामार्गाचंही तेच. इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, मुंबई जवळ आली हे खरंच आहे, पण त्याचे पैसे आजच्या भावात आधीच धरलेले असतात, परत वेगळे कशाला द्यायचे! दस्त बायकोच्या एकटीच्या नावावर केला, महिलांना स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत आहे, म्हणजे सहाऐवजी पाच टक्के, बरोब्बर ८२ हजार वाचले.

आता राहायचं कसं आहे ते. पाणी मुकणे धरणाचं, विल्होळीच्या केंद्रातून येतं, चवीला आणि स्वच्छतेला एक नंबर. पण आमचं घर गल्लीच्या चढाच्या टोकाला, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पहाटे नळाला आधी नुसती फुस्स हवा, मग करंगळीएवढी धार, आणि जरा जोर धरला की वेळ संपली. खाली पाच हजार लिटरची टाकी आहे म्हणून टँकर लागला नाही. उताराच्या घरांना हा त्रास नाहीये, तेव्हा एकाच गल्लीत कुठलं घर घेताय ह्यानेसुद्धा फरक पडतो, आणि घर बघायला जायचंच तर मे महिन्यात पहाटे जा.

पहिल्या पावसानंतर हॉलमध्ये कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे उभी, केसासारखी रेघ आली आणि पार्किंगचा गेटकडचा कोपरा बोटभर खाली गेला. इकडे काळी माती, पावसात फुगते, उन्हात आकसते, भराव नीट दाबला नसेल तर कोपरा असा खचणारच. रेरा ह्या गृहप्रकल्पांच्या कायद्यात ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामाच्या दोषांची जबाबदारी बिल्डरची असते आणि रिसेलमध्ये घेणाराही अलॉटीच्या (बिल्डरकडून घर घेणाऱ्याच्या) व्याख्येत येतो, हे भरपूर लोकांना माहीतच नसतं. फोटो लावून रजिस्टर्ड पत्र पाठवलं, थोडी टोलवाटोलवी झाली, मग माणसं आली, सांध्यावरचा प्लास्टर फोडून चिकन मेश (तारेची जाळी) मारली, परत प्लास्टर केला, पार्किंगचा कोबा नवीन केला. त्यानंतरच्या पावसात रेघ परत आली नाही. म्हणून पाच वर्षांच्या आतलं घर असेल तर मूळ ताबा पावतीची तारीख मागून घ्याच, तिची किंमत किचन ट्रॉल्यांपेक्षा जास्त आहे.

नव्या घराचा एक कायमचा खर्च कुणी आधी सांगत नाही, तो म्हणजे घरपट्टी. महापालिकेने १ एप्रिल २०१८ पासून नव्या मिळकतींना वाढीव दर लावले, त्यामुळे शेजारच्या काकांचं घर आमच्याएवढंच असून त्यांची पट्टी आमच्यापेक्षा कितीतरी कमी येते. भाड्याने दिलं तर वीस हजार मिळतील, म्हणजे वर्षाला तीन टक्केसुद्धा पडत नाहीत, तेव्हा निव्वळ गुंतवणूक म्हणून कुणी हे घेऊ नये. राहायला मात्र मस्त. शाळा, भाजी, दवाखाना चालत, अंबड एमआयडीसी जवळ, संध्याकाळी गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो, आई तर इथे आल्यापासून रोज बाहेर फेरी मारायला लागलीय, फ्लॅटमध्ये ती लिफ्टच्या पलीकडे जात नव्हती.

ऑफिस मुंबई नाक्याकडे किंवा कॉलेज रोडला असेल तर इंदिरानगरचा बोगदा (हायवेखालचा रस्ता) गर्दीच्या वेळी, संध्याकाळी सहा-साडेसहाला एकदा स्वतः गाडी चालवत पार करून बघा, आणि मगच टोकन द्या.