जुन्या तापमान मापांचं मोफत ॲप: शाळेच्या कामाचं

आमच्या ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पोरांना ॲपमध्ये ४५ सेल्सिअसच टाकायला लावलं. ॲपनं ते इतर मापांत बदलून दाखवलं: फॅरनहाइट ११३, रेओमूर नावाच्या जुन्या मापात ३६. इथवर ठीक. पण डेलिल ८२.५ आलं अन् पोरं बुचकळ्यात पडली! त्या मापात उकळतं पाणी ० आणि गोठतं पाणी १५०, म्हणजे ऊन जसं तापेल तसा आकडा उतरतो. १७४२ साली खुद्द सेल्सिअसनंही उकळण्याला ० आणि गोठण्याला १०० धरलं होतं, हे सांगितल्यावर तर वर्गात प्रश्नांची झडच लागली. असा तास मला फार आवडतो.

नेट नसलं तरी ॲप चालते, खेड्यातल्या शाळेला हे मोठंच सुख. आकडे ठळक आहेत, मागच्या बाकावरूनही दिसतात.

खटकलं ते एवढंच: न्यूटनच्या मापात १४.८५ यायला हवं तिथं सरळ १५ दाखवते. शिवाय सूत्र कुठंच नाही. सेल्सिअसला ४ नं गुणून ५ नं भागलं की रेओमूर मिळतो, एवढी ओळ उत्तराखाली द्यायलाच पाहिजे. आठवीपर्यंतच्या शिक्षकांनी जरूर घ्यावं. प्रयोगाच्या नोंदींसाठी मात्र दशांश स्वतः काढा.