बास्क कोरल (समूहगायनाचं) वर्कशॉप: बाईंसाठी जा, बाकीचं चालवून घ्या

आधीच सांगते, रिव्ह्यू वर्कशॉपचा आहे पण निम्मा तरी तिथे शिकवणाऱ्या बाईंचा होणार, कारण ज्यांनी हे भरवलं त्यांच्या कारभाराला मी पाचपैकी अडीच देईन आणि बाईंना पाचच्या पाच, तेही हात आखडता घेऊन. संस्थेचं नाव लिहीत नाही, खाली तक्रारी आहेत म्हणून, आणि बाईंचंही नाही कारण त्यांना ते अजिबात आवडणार नाही.

तर हे उन्हाळ्यातलं निवासी वर्कशॉप, स्पेनच्या बास्क भागात, गिपुस्कोआ प्रांतातल्या एका छोट्या गावात, दोनोस्तियापासून (म्हणजे सान सेबास्तियान) लोकल ट्रेनने जाता येतं. सकाळी व्हॉइस आणि नोटेशन, दुपारी सेक्शनवार प्रॅक्टिस, संध्याकाळी सगळे एकत्र, शेवटी गावच्या चर्चमध्ये छोटा कार्यक्रम. माझी पार्श्वभूमी हार्मोनियम-तानपुरा-सरगमची, कॉयरमध्ये आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गाते, नोटेशन वाचता येतं पण अडखळत, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांसारखीच केस.

बाई सत्तरीच्या पुढच्या. लहानपण स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत गेलं, बाहेर बास्क भाषा दडपलेली, मग ती टिकली घरात, चर्चमध्ये आणि कॉयरमध्ये, तिथूनच त्यांचं गाणं सुरू झालं. पुढे बास्क माध्यमाच्या शाळेत म्हणजे इकास्तोलात पोरांना गाणं शिकवलं, मग गावच्या म्युझिक स्कूलमध्ये, आणि संध्याकाळी कॉयर, आयुष्यभर हेच. वर्कशॉपमध्ये टेनरला (पुरुषांचा वरचा आवाज) एक टक्कल पडलेले गृहस्थ होते, लहानपणचे त्यांचे विद्यार्थी, बाईंनी नुसतं बघितलं की ते अजून पाठ ताठ करून बसायचे, आम्हाला हसू आवरायचं नाही.

आता शिकवणं. पहिल्या संध्याकाळी बाईंनी पियानोचं झाकण लावलं आणि ते जवळपास शेवटपर्यंत लागलेलंच राहिलं. ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटायचा, कानाला लावायचा, चारही आवाजांना गुणगुणून स्वर द्यायचा, झालं. मग बेसना (पुरुषांचा खालचा आवाज) म्हणाल्या निम्म्या आवाजात गा, आल्टोकडे असलेला कॉर्डमधला तिसरा स्वर मला ऐकू यायला हवा, आणि आम्हाला म्हणाल्या हा स्वर पियानोवर आहे त्यापेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे कॉर्ड (एकाच वेळी गायलेल्या स्वरांचा मेळ) बसेल. आजूबाजूचे लोक चाचपडत होते आणि माझ्या लक्षात आलं की अरे हा तर तानपुऱ्यातून आपोआप निघणारा स्वयंभू गंधार, तो लावून बघितला तर कॉर्ड अशी काही जुळली की बाई चालत चालत आल्या, माझ्या तोंडाशी कान नेला, काही न बोलता मान हलवून पुढे गेल्या. तानपुऱ्यावर गायलेल्यांनो, तुम्हाला इथे फुकटचा फायदा आहे, घ्या.

पण दुसरीकडे भरपाई करावी लागते. स्पेनमध्ये स्वरांना दो-रे-मी-फा-सोल म्हणतात, पण दो म्हणजे कायम सी, तो हलत नाही, आणि आपला सा तर हलतोच. गाणं जी मेजरमध्ये असलं की आपला कान जी ला सा धरून बसतो आणि तोंडाने मात्र सोल म्हणायचं, आणि पुढच्या गाण्यात सा जातो फा वर, डोकं गरगरतं. बाईंचा यावर उपाय म्हणजे नावं सोडा, आधी नुसतं ओ वर गा, मग शब्द, मग नावं. उलटा क्रम आहे पण सरगमवाल्यांना तोच मानवतो. हे त्यांनी माझ्यासाठी वेगळं बसून केलं, जेवणाच्या सुट्टीत, कोणी न सांगता.

सोर्त्सिको नावाचा पाच मात्रांचा ताल आहे त्यांचा, इपारागिर्रे या बास्क कवी-गायकाचं १८५३ सालचं गेर्निकाच्या झाडाचं गाणं याच तालात आहे. पाच म्हटलं की आपण झपतालाच्या सवयीने दोन-तीन मोजायला जातो, पण तो चालतो एक-दोन-दोन असा, वर त्या दोनच्या जोडीत पहिला स्वर ओढलेला आणि दुसरा तोकडा. बाईंनी हे बोर्डवर लिहिलंच नाही, सगळ्यांना हॉलभर चालायला लावलं टाळ्या वाजवत, पाय बसले की ताल बसला. उच्चार मात्र आपल्याला सोपे बरं का, चहातला च आणि चिमणीतला च असे दोन्ही बास्कमध्ये आहेत, इंग्रज मंडळी घाम गाळत होती आणि आपलं काम पहिल्या फेरीत झालं.

एक अर्धा दिवस एरेंतेरियाला एरेसबिल बघायला नेतात, हे बास्क संगीताचं अर्काइव्ह. होसे लुईस आन्सोरेना म्हणून कापुचिन पंथाचे धर्मगुरू होते, त्यांनी १९६६ मध्ये तिथे आंद्रा मारी कॉयर काढला, १९७३ मध्ये मुसिकास्ते हा बास्क संगीतकारांच्या रचनांचा महोत्सव सुरू झाला, आता महोत्सवात गायला जुनी स्कोअर (नोटेशनचे कागद) लागणार, ती शोधता शोधता, गोळा करता करता १९७४ मध्ये अर्काइव्ह उभं राहिलं. म्हणजे गायच्या गरजेतून संग्रह झाला, हे मला फार आवडलं. हस्तलिखितं, छापील स्कोअर, रेकॉर्डिंग्ज, संगीतकारांचे खाजगी कागद, सगळं नीट लावलेलं. इथे अर्धा दिवस अगदीच कमी पडतो, त्यापेक्षा एक वॉर्म-अप सेशन कापलं असतं तरी चाललं असतं.

तिथल्या कॉयरवाल्यांचं मला सगळ्यात भावलेलं म्हणजे हौशी असण्याला ते कमीपणा समजत नाहीत. ओर्फेओन दोनोस्तियार्रा १८९७ पासूनचा हौशी कॉयर, आणि २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला नामवंत कंडक्टर अबादोबरोबर संगीतकार माहलरची दुसरी सिंफनी गायला तोच होता. हावियेर बुस्तो हे बास्क संगीतकार, ज्यांचं आवे मारिया जगभरचे कॉयर गातात, ते शिकले मेडिसिन. त्यामुळे तुम्ही पोटापाण्यासाठी काय करता हे बाई विचारतच नाहीत, उशिरा आलात तर मात्र विचारतात. आणि रात्री जेवण झालं की टेबलावरच कोणीतरी स्वर धरतो, बाकीचे आपापल्या आवाजात घुसतात, प्लेटा उचलणारी मुलगी पण सोप्रानो गात गात प्लेटा उचलते.

आता तक्रारी. स्कोअरच्या झेरॉक्स इतक्या फिक्या की खालच्या ओळीतले शब्द दिसत नव्हते, आणि आधी ईमेलने पाठवू म्हणाले ते आलंच नाही. सूचना बास्क आणि स्पॅनिशमध्ये, इंग्लिश भाषांतर ज्याच्यावर सोपवलं होतं तो स्वतःच बेसमध्ये गात असल्यामुळे निम्मा वेळ गायब. रेकॉर्डिंग देणार होते ते पण नाही, दोनदा मेल केला, उत्तर शून्य. रात्रीचं जेवण इतकं उशिरा की मी खोलीत बिस्किटं ठेवायला लागले. फीमध्ये राहणं धरलेलं आहे ते बरंय, कारण उन्हाळ्यात दोनोस्तियात स्वतः खोली घ्यायची तर युरो मोजताना फेस येतो.

शेवटचा कार्यक्रम पण घाईत उरकला, चर्चमध्ये नंतर कसलातरी विधी होता म्हणून दोन गाणी गाळली, त्यातलं एक आम्ही सगळ्यात जास्त घासलेलं होतं. बाई चिडल्या होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं, पण मग बाहेर पायऱ्यांवर उभं करून त्यांनी ते गाणं आमच्याकडून म्हणवून घेतलंच, रस्त्यावरचे लोक थांबले ते थांबले.

ज्यांना सोलो गाऊन दाखवायचंय त्यांनी जाऊ नका, वैतागाल. कॉयरमध्ये आधी कधीच गायला नसाल तरी जड जाईल. फॉर्म भरताना नोटेशन कितपत येतं ते खरं लिहा, बाई ग्रुप त्यावरून पाडतात, आणि टेनर असाल तर शेवटच्या तारखेनंतरही विचारून बघा, तिथेही टेनरची बोंबच आहे. पेन्सिल न्या, पेनने स्कोअरवर लिहिलेलं बाईंना चालत नाही.